खोत, कूळ आणि खारं पाणी

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घातलं की जे प्रवाळ दिसतं ते बहुतेक मळकट असतं. तपकिरी, शेवाळी, कुठे पिवळसर. वाहिन्यांवरच्या निळ्या-जांभळ्या बागा मनात घेऊन आलेला पर्यटक हिरमुसतो आणि गाइडला विचारतो, "चांगलं कोरल कुठेय?" चांगलं कोरल हेच. तो मळकट रंग मुळात प्रवाळाचा नाही. त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा आहे, आणि तो जितका दाट तितकं घर भरलेलं. पांढरंशुभ्र, फोटोत उठून दिसणारं प्रवाळ भेटलं तर मात्र काळजी करावी.

*

प्रवाळाचा एकच पॉलिप जवळून पाहावा. काही मिलिमीटरची पिशवी. तोंड एक, त्यातूनच खायचं, त्यातूनच टाकायचं. भोवती स्पर्शिकांचं कडं. पिशवीची भिंत पेशींच्या दोनच थरांची: बाहेरचा समुद्राकडे, आतला पोटाकडे. हा आतला थर सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशीपेशीत सोनेरी-तपकिरी गोळे दिसतात, साधारण एक शतांश मिलिमीटर व्यासाचे. हीच झूझँथेली. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाख, कधी त्याहून जास्त.

गंमत अशी की शैवालाची पेशी यजमानाच्या पेशीत मोकळी नसते. तिच्याभोवती यजमानाच्याच पडद्याचं वेष्टण असतं. आत काय जाणार आणि बाहेर काय येणार, ते या पडद्यावर ठरतं. सगळं राजकारण तिथे.

*

शैवाल उन्हात साखर, ग्लिसरॉल, स्निग्ध पदार्थ तयार करतं. त्यातला मोठा वाटा यजमानाकडे जातो. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळाची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत अशी भागू शकते. उलट बाजूने प्रवाळ देतं ते त्याचं टाकाऊ: कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, फॉस्फेट. डार्विनने १८४२ साली प्रवाळभिंतींवर पुस्तक लिहिलं. इतक्या नापीक पाण्यात इतकी जीवसृष्टी कशी, हे कोडं पुढे त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. उत्तराचा मोठा भाग या फेऱ्यात आहे. काही वाया जात नाही, कारण फारसं काही बाहेरच पडत नाही.

*

हे इतकं सरळ वाटतं, पण ते पटायला तीस वर्षं गेली. १९२८-२९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लो आइल्सवर वर्षभर मुक्कामाला होती. प्रमुख सी. एम. यंग. त्यांनी प्रवाळं अंधारात ठेवली. शैवाल निघून गेलं, पण बारीक प्राणी खायला घातले तेव्हा प्रवाळं जगली. यंगनी निष्कर्ष काढला की प्रवाळ पक्कं मांसाहारी आहे. शैवाल त्याचा मैला उचलण्यापुरतं. माणूस मोठा, त्यामुळे मतही बराच काळ टिकलं. १९५८ साली लिओनार्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी प्रवाळाचं नातलग असलेलं समुद्रफूल घेऊन किरणोत्सारी कार्बनचा माग काढला. शैवालाने पकडलेला कार्बन प्राण्याच्या शरीरात सापडला. खातं कुठे वळतं ते तेव्हा कागदावर आलं.

यंगच्या तुकडीने आणखी एक नोंद करून ठेवली आहे. १९२९च्या उन्हाळ्यात उथळ पाण्यातलं प्रवाळ पांढरं पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ती एक स्थानिक, चमत्कारिक गोष्ट होती.

*

सहजीवन म्हटलं की आपल्याकडे लगेच मैत्रीची भाषा सुरू होते. शालेय पुस्तकांत तर हमखास. प्रवाळाच्या बाबतीत मला ती पटत नाही. २०२३ साली साउदॅम्प्टनच्या गटाने दाखवलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल नुसतं सांभाळत नाही, त्यातलं जादा शैवाल पचवूनही टाकतं. पाण्यातला विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस प्रवाळाला थेट घेता येत नाही, शैवालाला येतो. मग शैवाल वाढू द्यायचं आणि त्यातलं थोडं थोडं खायचं. त्यांनी हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरही पाहिलं: जिथे समुद्रपक्षी भरपूर आणि त्यांची विष्ठा पाण्यात उतरते, तिथलं प्रवाळ भराभर वाढतं, जिथे उंदरांनी पक्षी संपवले, तिथलं रेंगाळतं.

याला नातं म्हणायचं तर ते जुन्या कोकणातल्या खोत-कुळाचं. कूळ राबतं, खोत खंड घेतो, कुळाला अन्नाला लावतो पण गब्बर होऊ देत नाही. प्रवाळही नायट्रोजन हात राखून देतं. मोकळ्या पाण्यात हेच शैवाल कितीतरी वेगाने वाढतं. कोकणातली खोती १९४९च्या कायद्याने गेली. समुद्रातली चालू आहे, आणि तिच्यावर आख्ख्या प्रवाळभिंती उभ्या आहेत.

*

हंगाम बिघडला की दोघांचं बिनसतं. ते कसं, हे २०२१च्या एका अभ्यासात नीट दिसलं. पाणी तापलं की प्रवाळाची ऊर्जेची भूक वाढते. ते स्वतःची प्रथिनं जाळू लागतं. त्यातून अमोनिया सुटतो. तो शैवालाला आयतं खत. शैवाल वाढीला लागतं आणि तयार झालेली साखर स्वतःसाठी ठेवू लागतं. खंड थकतो, प्रवाळ आणखी उपाशी, आणखी प्रथिनं जाळतं. बाहेरून अजून सगळं तपकिरी, ठणठणीत. आतून घर फिरलेलं असतं. वासे मागाहून फिरतात.

मग शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा उष्णतेने कोलमडते, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि शैवाल बाहेर पडतं. उरतं पारदर्शक कातडं आणि त्यातून दिसणारा चुन्याचा सांगाडा. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर उरल्यासुरल्या शैवालाची पुन्हा वाढ होते. नाही निवलं तर काही आठवड्यांत उपासमार.

*

किती तापलं म्हणजे जास्त? आकडा लहान आहे. त्या जागेच्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीपेक्षा एक अंश. तो काही आठवडे टिकला तर पुरे. उपग्रहावरून हिशेब ठेवणारे अंश आणि आठवडे यांचा गुणाकार साठवत जातात: एक अंश जास्त, चार आठवडे, म्हणजे चार. चारला पांढरं पडणं सुरू होईल असं धरतात. आठला मरतूक.

*

लक्षद्वीपमध्ये २०२३च्या ऑक्टोबरअखेरपासून समुद्र असा तापला, आणि २०२४च्या उन्हाळ्यात तिथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. त्याआधी १९९८, २०१०, २०१६. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर १९९८ पासून चोवीस वर्षं ठेवलेल्या नोंदी सांगतात की जिवंत प्रवाळाचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं. दोन झटक्यांच्या मध्ये सावरायला जे वर्षांचं अंतर लागतं, तेच आकसत चाललंय.

जगभराचा चौथा मोठा झटका २०२३ साली सुरू झाला. जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला त्याची झळ लागली.

*

काही प्रवाळं मरणाच्या दारात झगझगीत रंगाची होतात. निऑन गुलाबी, निळी, हिरवी. शैवाल गेल्यावर आत प्रकाश वाढतो आणि प्रवाळ स्वतःची रंगद्रव्यं बनवून सावली धरायचा प्रयत्न करतं. सावली झाली तर शैवाल परत येण्याची शक्यता वाढते. ही छायाचित्रं फार सुंदर येतात. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कोणी छापू नये, एवढंच.

*

सगळं शैवाल एकाच जातीचं नसतं. २०१८ साली त्यांची नीट वर्गवारी होऊन बरेच वंश वेगळे झाले. त्यात ड्युरुस्डिनियम नावाचा एक चिवट आहे. तो पदरी असलेलं प्रवाळ एक ते दीड अंश जास्त उष्णता सोसतं. पण खंड कमी: ऑस्ट्रेलियातल्या मॅग्नेटिक आयलंडजवळच्या प्रयोगात नेहमीच्या कुळावर वाढणारी पिल्लं या चिवट कुळावरच्या पिल्लांपेक्षा दोन-तीन पट वेगाने वाढली. सोसणारा कमी पिकवतो, पिकवणारा सोसत नाही.

*

मंगळासाठी अनामिकेत घालतात ते पोवळं भूमध्य समुद्रातलं, कोरॅलियम रुब्रम. त्याच्या पोटात शैवाल नसतंच. ते अंधाऱ्या कपारींत, खोल पाण्यात, वाहत्या पाण्यातले कण पकडून जगतं. लाल रंग त्याच्या स्वतःच्या सांगाड्याचा. मळकट तपकिरी प्रवाळाला बोटात घालायला कोणी विचारत नाही. अर्थात विचारू नयेच. भिंत बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, किनाऱ्यावरून उचलून शोकेसमध्ये ठेवणंही गुन्हा.

*

प्रवाळाच्या पोटातला सर्वांत विचित्र रहिवासी २०१९ साली नीट ओळखला गेला: कोरॅलिकोलिड. हा हिवतापाच्या परजीवीचा चुलत भाऊ. तपासलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये तो सापडला. प्रकाशसंश्लेषण करत नाही, पण हरितद्रव्य तयार करण्याची जनुकं त्याने जपून ठेवली आहेत. कशासाठी, कळत नाही. सिडनी बंदरातल्या प्रवाळातून मिळालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा दुसरा एक नातलग, क्रोमेरा, मात्र अजून खरोखर उन्हावर जगतो. म्हणजे आपल्याला थंडी वाजवून ताप आणणाऱ्या जिवाच्या पूर्वजांनी कधीकाळी सूर्यप्रकाशावर गुजराण केली असणार.

*

आता स्पंज. स्वयंपाकघरातला नव्हे, तो प्लास्टिकचा.

समुद्रातला स्पंज म्हणजे छिद्रांचा प्राणी. ना तोंड, ना पोट, ना मज्जातंतू. पाणबुडे एक सोपा प्रयोग करतात. चमकता हिरवा रंग पिचकारीत भरून स्पंजाच्या बुडाशी हळूच सोडायचा. काही सेकंद काहीच होत नाही. मग वरच्या मोठ्या छिद्रातून हिरव्या पाण्याचा सोट निघतो आणि हातभर उंच जातो. ज्याला आपण दगडाला चिकटलेलं मुकाट काहीतरी समजत होतो, तो पंप निघतो. एक किलो वजनाचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळतो. काही जातींत २४,००० लिटरपर्यंत.

या पाण्यातले जिवाणू हे त्याचं अन्न. आणि त्याच्या अंगात, पेशींच्या मधल्या गरात, जिवाणूच जिवाणू. काही स्पंजांच्या वजनातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, जिवाणूंचा भरतो. फ्रान्सच्या झाँ व्हासले यांनी १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवलं. ग्रॅमला दहा कोटी ते हजार कोटी जिवाणू. शेजारच्याच दगडावरच्या दुसऱ्या जातीच्या स्पंजात मात्र समुद्राच्या पाण्याइतकेच, म्हणजे हजारो पटींनी कमी. मधलं क्वचितच काही असतं. एकतर चाळ, नाहीतर रिकामी खोली.

*

जिवाणू खाणारा प्राणी अंगात भरलेले जिवाणू खात कसा नाही?

क्लाइव्ह विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली हा प्रश्न किरणोत्सारी खुणा केलेल्या जिवाणूंनी सोडवायला घेतला. समुद्रातले जिवाणू स्पंजाला दिले: पचवले. त्याचेच सहवासी जिवाणू काढून पुन्हा पाण्यातून दिले: ते न पचता पार होऊन बाहेर आले. ओळख पटते एवढं नक्की झालं. कशी पटते याचा धागा तीसेक वर्षांनी लागला. सहवाशांकडे एक विशिष्ट घडणीची प्रथिनं असतात. ती साध्या जिवाणूत घालून अमीबाला खायला दिली, तर अमीबा त्याला गिळतो पण पचवू शकत नाही. २०१९ साली आणखी एक भर: स्पंजातल्या विषाणूंकडेही याच घडणीच्या प्रथिनाचं जनुक आढळलं. जिवाणूंवर जगणारा विषाणू स्पंजाची पचनशक्ती मंदावायला हातभार लावतो, त्याने जिवाणूही वाचतो. खोत, कूळ आणि वर हा तिसरा. याला काय म्हणायचं ते सुचत नाही.

*

स्पंज औषधं बनवतो असं आपण लिहितो. मीही लिहायचो, सोयीचं असतं. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या स्पंजात वेगळ्या धाटणीचे न्यूक्लिओसाइड सापडले. त्यांच्या धर्तीवर सायटॅराबिन तयार झालं, जे रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. समुद्रातून औषध येऊ शकतं हे जगाला त्यानंतर कळलं.

पुढे शोधाशोध सुरू झाली आणि अडचणही. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर एक टन स्पंज उपसून हॅलिकॉन्ड्रिन-बी मिळालं ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. समुद्र खरवडून औषध करायचं हा मार्गच नव्हे. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूचा कामाचा अर्धा भाग प्रयोगशाळेत घडवला. तेच एरिब्युलिन, २०१० पासून स्तनाच्या कर्करोगावर वापरात आहे.

मूळ रेणू बनवतो कोण? जपानजवळच्या थिओनेला स्विनहोई या स्पंजाबाबत २०१४ साली उत्तर मिळालं. त्यातली जवळजवळ सगळी प्रभावी रसायनं एकाच प्रकारच्या जिवाणूची, एन्टोथिओनेलाची, निघाली. तंतूसारखा, मोठ्या जनुकसंचाचा, प्रयोगशाळेत वाढायला नकार देणारा. स्पंजाला पळता येत नाही, काटे नाहीत, कवच नाही. त्याची संरक्षणव्यवस्था ही अशी भाड्याने घेतलेली. तोच जिवाणू आर्सेनिकही साठवून बाजूला ठेवतो, असंही नंतर दिसलं.

*

प्रवाळ पोखरणारे स्पंज असतात, क्लायोना. चुनखडीत बोगदे काढत राहतात. त्यांतल्या काहींच्या अंगात प्रवाळाच्याच गोतातलं शैवाल असतं, आणि ते प्रवाळाच्या शैवालापेक्षा उष्णता जास्त सोसतं. पाणी तापल्यावर प्रवाळ उपाशी आणि त्याला पोखरणारा तृप्त. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणावं, तर इथे कर्मही दुसऱ्याचं.

*

आर्क्टिकच्या बर्फाखाली लँगसेथ रिज नावाची विझलेल्या ज्वालामुखींची रांग आहे. २०१६ साली जर्मन जहाज पोलारस्टर्न तिथे गेलं तेव्हा शिखरांवर स्पंजांची दाटी दिसली. वर बर्फ, खाली अंधार, पाण्यात खायला जवळजवळ नाही. मग हे जगतात कशावर? २०२२ साली उत्तर प्रसिद्ध झालं: हजारो वर्षांपूर्वी, ज्वालामुखीची ऊब होती तेव्हा तिथे राहिलेल्या नळीकृमींच्या अवशेषांवर. ते चिवट अवशेष पचवण्यात स्पंजांच्या अंगातल्या सूक्ष्मजीवांचा हात आहे. या स्पंजांचं वय सरासरी ३०० वर्षं. म्हणजे जवळजवळ तीन शतकं हे पूर्वजांच्या नव्हे, परक्यांच्या हाडांवर जेवतायत.

*

आता समुद्री गवत. ते शैवाल नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, परागण पाण्यातून होतं. जमिनीवरून परत समुद्रात गेलेल्या वनस्पतींचे हे वंशज, जगभर साठ-सत्तर जाती. आपल्याकडे पाल्कचा उपसागर आणि मन्नारचं आखात ही त्यांची मोठी माहेरघरं. डुगाँग, म्हणजे समुद्रगाई, तिथेच चरतात, आणि २०२२ साली पाल्कच्या उपसागरात त्यांच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र झालं. गोव्यात मांडवीच्या खाडीतल्या चिखलात हॅलोफिला बेक्कारी नावाची बोटभर उंचीची जात नोंदलेली आहे. पुलावरून रोज जाणाऱ्यांपैकी कोणी ती पाहिली असेल असं वाटत नाही.

*

तूर, हरभरा, भुईमूग उपटला की मुळांवर गाठी दिसतात. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देतात. हे शेतकऱ्याला माहीत आहे. समुद्रातही तसंच काही असेल अशी शंका बरीच जुनी, पुरावा २०२१चा. इटलीच्या एल्बा बेटाजवळ पोसिडोनिया गवताची कुरणं आहेत. उन्हाळ्यात तिथल्या पाण्यात नायट्रोजन नावालाही नसतो, तरी गवत जोमात. ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांना मुळांच्या आत, पेशीपेशींच्या मध्ये, एक जिवाणू सापडला. नाव ठेवलं सेलेरिनॅटँटिमोनास नेपच्यूना. गाठी नाहीत, मूळ बाहेरून साधंच दिसतं. जिवाणू नायट्रोजन देतो, गवत साखर देतं. जमिनीवरच्या वनस्पतींची ही जुनी सवय, समुद्रात जाऊन नवा भागीदार धरून पुन्हा चालू केलेली.

*

त्याच पोसिडोनियाच्या मुळांखालच्या वाळूत साखर साठते. उसातलीच, सुक्रोज. २०२२च्या अभ्यासात समुद्रात आधी कुठेही मोजलेल्या साखरेच्या ८० पटींपर्यंत ती आढळली. जगभरच्या समुद्री गवतांखाली मिळून सहा ते तेरा लाख टन असावी असा अंदाज आहे. (आपले कारखाने एका बऱ्या हंगामात त्याच्या कितीतरी पट गाळप करून मोकळे होतात, पण आपल्याला धरणाचं पाणी लागतं.)

इतकी साखर उघड्यावर आणि आजूबाजूला जिवाणूंचा सुकाळ, तरी ती संपत का नाही? गवत साखरेबरोबर फेनॉल वर्गातली द्रव्यंही सोडतं, आणि वाळूत ऑक्सिजन कमी. त्यामुळे बहुतेक जिवाणूंना ती खाता येत नाही. मोजक्यांना येते, आणि ते बहुधा बदल्यात काही देत असावेत. इथेही खंड आहे, वसुलीची पद्धत वेगळी.

*

चिखलात सल्फाइड तयार होतं, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. ते मुळांना विष. त्याचा बंदोबस्त करतात ल्युसिनिड शिंपले, आपल्या तिसऱ्या-शिवल्यांसारखेच दिसणारे. खरं तर त्यांच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू: ते सल्फाइडवर जगतात आणि शिंपल्याला पोसतात. गवत मुळांतून ऑक्सिजन सोडतं, तो दोघांना लागतो. २०१२ साली हे त्रिकूट एकत्र वाढवून पाहिलं. शिंपल्यांसोबतचं गवत जवळजवळ दुप्पट भरलं. उष्ण कटिबंधातल्या समुद्री गवताच्या ९७ टक्के जागांवर हे शिंपले आढळतात, त्यामुळे हा योगायोग नसावा.

*

इंडोनेशियातल्या स्पेरमोंड द्वीपसमूहात संशोधकांची एक तुकडी आजारी पडली, आमांशाने. वस्त्यांचा मैला थेट समुद्रात जात होता. त्यातून प्रश्न सुचला: गवत असलेल्या पाण्यात हे जंतू किती? २०१७ साली उत्तर छापलं गेलं. समुद्री गवताच्या कुरणांवर माणसाला आजारी पाडू शकणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण निम्मं. ८,००० हून अधिक प्रवाळं तपासली. गवताशेजारच्या प्रवाळांत रोगही निम्मे. गवत उपटून जेटी बांधताना हा खर्च कोणी धरत नाही.

*

प्रवाळाला वाचवण्यासाठी जिवाणूंचा डोस देण्याची कल्पना आता प्रयोगशाळेतून बाहेर पडली आहे. ब्राझीलच्या राकेल पेशोटो यांच्या गटाने २०२१ साली एका ब्राझिली प्रवाळावर तसा प्रयोग प्रसिद्ध केला: उष्णतेच्या झटक्यानंतर साध्या टाकीत ६० टक्के प्रवाळं जगली, डोस दिलेल्या टाकीत सगळी. आता तांबड्या समुद्रात चाचण्या चालू आहेत. ऑस्ट्रेलियात मॅडेलीन व्हॅन ऑपेन यांच्या गटाने शैवालाचे दहा वाण चार वर्षं ३१ अंशांत वाढवले. त्यातल्या तीन वाणांनी प्रवाळाच्या पिल्लांना खरोखर उष्णता सोसायला मदत केली.

काम अस्सल आहे, यात शंका नाही. पण लक्षद्वीपच्या एका खाजणाला तरी किती बाटल्या लागतील, दर किती दिवसांनी, कोणाच्या होडीतून? टाकीत भिंती असतात, समुद्रात लाटा. चिवट कूळ आणून दिलं तरी खोताच्या डोक्यावरचं पाणी तापतच राहणार. माझं मत: हे संशोधन व्हावं, आणि कोणत्याही मंत्र्याने ते हवामानाचं उत्तर म्हणून सांगू नये.

*

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांचा त्याला जुना विरोध आहे आणि त्यामागची भीती खोटी नाही. नियम आधी रापणवाल्याला लागतात, बड्या ट्रॉलरला मागाहून. तिथलं प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केल्या आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा बुडालेला पठारी भाग, माथा वीसेक मीटर पाण्याखाली. तिथलं पाणी स्वच्छ, प्रवाळ दाट. किनाऱ्यावरचं प्रवाळ मात्र पावसाळ्यात महिनोन्महिने गढूळ पाण्यात काढतं. काही अभ्यासकांच्या मते हा गढूळपणा उन्हाची तीव्रता कमी करून त्याला थोडा वाचवतो.

सांडपाणी मात्र वाचवत नाही. २०१३च्या एका अभ्यासाने दाखवलं की पाण्यात नायट्रोजन वाढला आणि त्या मानाने फॉस्फेट कमी पडलं, तर प्रवाळ एरवी सोसलं असतं त्या तापमानालाच पांढरं पडतं. समुद्राचं तापमान मालवण नगरपालिकेच्या हातात नाही. गटाराचं तोंड आहे.

*

मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंगला जाणार असाल तर चार गोष्टी. पायाखाली खडक वाटतो तो जिवंत असू शकतो, त्यावर उभं राहू नका. दमलात तर तरंगा. होडीवाल्याला नांगर वाळूत टाकायला सांगा. मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव टाकतात तो टाकू देऊ नका, पैसे तुम्ही देताय तेव्हा तुमचं ऐकतील. आणि प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, घरी आणू नका.